हळदीकुंकू वॉरंटीत बसत नाही

आमच्या गवत कापायच्या मशीनने उभ्या आयुष्यात अर्धं परस कापलं आणि देह ठेवला.

वारूळवाडीत आमच्या घरामागे परस आणि परसाला लागून उसाचं रान. पावसाळ्यात परसात कमरेएवढं गवत माजलं. त्यातच शेजारच्या गणपतभाऊंचं कुत्रं बिबट्याने उचललं, आणि सुमनने (म्हणजे आमच्या मंडळींनी) मागच्या दाराला कडी घातली.

"गवत जाईस्तवर मी मागं पाय टाकायची न्हाई. धुणी तुमी वाळत घाला!"

"आणि बिबट्या आला तर?"

"म्हनून तर तुमी!"

खरं तर तेव्हाच विळा घ्यायचा. पण मी पडलो शिकलेला. नारायणगावात गेलो आणि पेट्रोलवरचं मशीन घेऊन आलो. सोबत वर्षभराची वॉरंटी!

"आता वर्षभर काय बी झालं तरी कंपनी बघंल," मी ऐटीत सांगितलं.

"बिबट्याचं बी?" सुमनने विचारलं. या बाईला यंत्रयुगाचं कौतुकच नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरपासून खुरप्यापर्यंत सगळ्यांना आंघोळ असते, मग नव्या पाहुण्याला एकट्याला पारोसं कसं ठेवायचं? मोटारीच्या पाइपने मशीन धुतलं. झाकण उघडून आतूनही धुतलं (स्वच्छतेत मी कुणाचं ऐकत नाही!). सुमनने हळदीकुंकू, अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला. मी नारळ फोडून पाणी सढळ हाताने शिंपडलं. झाकण लावायचं मात्र आरतीनंतर आठवलं.

तरीही मशीन सुरू झालं! अर्धं परस कापलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं ते कायमचं.

"आता वं?" सुमन खिडकीतून म्हणाली.

"वॉरंटी हाय!"

चार दिवसांनी पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्याने मशीन उघडलं. आधी झेंडूची पाकळी निघाली, मग हळदीचा चिखल, मग तांदूळ. एकेक वस्तू तो वर्तमानपत्रावर मांडत गेला.

"काका, हे काय आहे?"

"अक्षता."

"आत बाहेरची वस्तू गेली की वॉरंटी मिळत नाही."

"बाहेरची कशी? घरचा इंद्रायणी हाय!"

तो हसला नाही. मी हट्टाला पेटलो. शेवटी त्याने मोबाइलवर साहेबांना लावलं. पडद्यावर साहेब दिसले आणि त्यांच्या मागे हार घातलेलं एक भलंमोठं यंत्र. सापडले की राव!

"साहेब, तुमच्या मागच्या मशीनला बी हार हाय की! तुमी बी पूजा करता!"

"करतो ना," साहेब शांतपणे म्हणाले. "पण बाहेरून."

कंपनीच्या माणसाने चहा घेतला, वर्तमानपत्राची पुडी करून प्रसादासारखी माझ्या हातात ठेवली आणि गेला.

सुमनने भिंतीला अडकवलेला विळा काढला. त्याच्यावर अजून कुंकू होतं.

"ह्याला बी त्याच दिवशी आंघोळ घातली व्हती. बगा चालतोय का."

चालला. अगदी बिनतक्रार! मी गवतात वाकलेलो, सुमन मागच्या दारात उंबऱ्याच्या आत बसून बिबट्यासाठी थाळी वाजवतेय, असा तो सोहळा सुरू झाला. थाळी ऐकून गणपतभाऊ कुंपणापाशी आले. गवतात मी त्यांना दिसलो नसेन.

"वैनी, नवीन मशीन आणलं म्हनं. चालतंय का?"

"चालतंय की," सुमनने थाळी थांबवली. "चहा टाकला का सुरू व्हतं. मधीमधी कुरकुरतं लई."

"मंग वॉरंटीत द्या की बदलून."

"तितंच तर फसले, भाऊ. घेताना माझ्या बापानं इचारलंच न्हाई!"