चढाईपुरता समीर, बाकी पुणं

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. आमच्या कट्ट्यावर तोच सामना वर्षभर चालू असतो. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, तिसरा म्हणतो "तसं झालंच नव्हतं", आणि तोवर चहा गार होतो. कट्टा म्हणजे कोरेगावात आमच्या कॉलेजच्या मैदानाची बुटकी भिंत. समोर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतकरी जळालेली मोटर टाकून जातात आणि मी कॉइल भरता भरता एक डोळा मैदानावर ठेवतो. बायको म्हणते, दोन्ही डोळे. असो.

कट्ट्याचे मालक आप्पा. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. विद्यार्थी म्हणून त्यांनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, मिसरूड फुटायच्या आत भरती झाले. पण ‘आमचं कॉलेज’ म्हणताना त्यांचा आवाज प्राचार्यांपेक्षा खणखणीत. नवे प्राचार्य बदलून आले, तेव्हा रोज संध्याकाळी सरावाला हजर असणारे हे गृहस्थ बघून त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "आप्पा, तुम्ही आपल्या कुठल्या बॅचचे?"

आप्पा म्हणाले, "सर, आमी बॅचचं न्हाई. आमी रोजचं."

*

पूर्वी सामने मातीवर व्हायचे, आता मॅटवर होतात. आप्पांना मॅट कधीच पटली नाही. सांगलीला एका स्पर्धेत आमची मुलं पहिल्यांदाच मॅटवर खेळणार होती. आप्पांनी काय करावं? आपल्या मैदानातली मूठभर माती फडक्यात बांधून नेली आणि सामन्याआधी पाया पडायच्या निमित्तानं आमच्या बाजूच्या कोपऱ्यात भुरभुरली. घरची माती पायाखाली असली की पोरांना बळ येतं, हा त्यांचा हिशोब.

पहिल्याच पकडीला आमचाच कोपऱ्यातला गडी त्या मातीवरून सर्रकन घसरला आणि थेट पंचांच्या पायाशी जाऊन थांबला. पंचांनी सामना थांबवला. मॅट पुसून घेतली. वर समोरच्या संघाला एक गुण बहाल केला. आणि आम्ही हरलो तेही एकाच गुणानं.

परतीच्या एसटीत कोणी आप्पांशी बोलेना. शेवटी प्रशिक्षकांनी न राहवून विचारलं, "आप्पा, असं का केलंत?"

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माती आपलीच व्हती. पोरानं वळखली न्हाई."

*

सांगलीचं एक कॉलेज हे आमचं जुनं वैर. म्हणजे वैर सामन्यापुरतं. त्यांचे आणि आमचे चाहते यांच्यात एक रिवाज आहे: जो संघ हरेल त्याच्या लोकांनी जिंकलेल्यांना चहा आणि भडंग द्यायचं. वाईट कल्पना नाही. फक्त आमच्याकडे ती वर्षानुवर्षं एकाच बाजूनं चालली होती. भडंगवाला आम्हाला लांबून बघूनच पुड्या बांधायला घ्यायचा.

मग समीर कॉलेजात आला. समीर म्हणजे आमच्या शकूरभाईंचा मुलगा. शकूरभाई बाजारपेठेत गाद्या भरतात. हा पोरगा लहानपणापासून कापसाच्या ढिगावर उड्या मारत वाढलेला, त्यामुळं पडायची भीती त्याला माहीतच नाही. मध्यरेषेकडे असा सूर मारायचा की बघणारा भिंतीवरून उठून उभाच राहावा. पहिल्याच वर्षी त्यानं एकट्याच्या जिवावर सांगलीला हरवलं.

आम्ही नाचलो, ओरडलो, आणि थोड्या वेळानं बघतो तर आप्पा जागेवर नाहीत. आप्पा टपरीवर उभे. सगळ्यांचा चहा सांगून झालेला, भडंगाच्या पुड्या हातात.

सांगलीचे लोक म्हणाले, "आवं आप्पा, आज तुमी जिंकलाय."

आप्पांनी पुड्यांकडे बघितलं. "व्हय की. पण ह्या आता कुठं ठिवू? घ्या, खावा."

*

समीर आला आणि गावाला जिंकायची चटक लागली. ही चटक लय वाईट. हरायची सवय असते तेव्हा माणूस खेळाडूवर माया करतो. जिंकायची लागली की त्याच्याकडं हिशोब मागतो. हे मी कट्ट्यावर बोललो तर मला म्हणाले, तू कॉइल भर.

एकदा समीर महत्त्वाच्या चढाईत सापडला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी बिचारा केस कापायला गेला. न्हाव्यानं मानेशी वस्तरा धरला आणि तसाच थांबून विचारलं, "डावा कोपरा मोकळा व्हता, तू उजवीकडं का गेलास रं?" वस्तरा मानेवर, उत्तर काय देणार? तेव्हापासून हरल्यावर समीर दाढी-कटिंग बंद करायचा. बाहेरच पडायचा नाही, दुकानात बसून गाद्या भरायचा. मग समीरचे केस कानावर आले की पेपर न वाचता गावाला निकाल कळायचा.

मी शकूरभाईंना म्हटलं, "पोराला त्रास होतोय."

शकूरभाई म्हणाले, "होतोय. पण ह्या आठवड्यात गाद्या लई झाल्या बघा."

हसलो आम्ही. मला मात्र ते हसणं आवडलं नव्हतं. समीर आत बसून सगळं ऐकत होता.

*

कॉलेज संपलं आणि समीर मोठ्या लीगमध्ये निवडला गेला. टीव्हीवरच्या. सगळा कट्टा पुण्याच्या संघाचा भक्त, आपल्या राज्याचा म्हणून. आणि समीरला घेतलं उत्तरेकडच्या एका संघानं.

शिंदे मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि कट्ट्यावर शांतपणे बसतात. त्या म्हणाल्या, "घेतलं हे महत्त्वाचं." आप्पांचं तोंड उतरलेलं. "पुण्यानं का न्हाई घेतला? त्यांना डोळं न्हाईत व्हय?"

हंगाम सुरू झाला. माझ्या दुकानात टीव्ही लावला, लोक मोटरींवर बसून सामने बघायला लागले. समीर राखीव खेळाडूंत. एकही सामना खेळवला नाही त्याला. पण कॅमेरा त्या बाकड्यावरून फिरला की दुकानात जल्लोष. एकदा त्यानं दमलेल्या कर्णधाराला पाण्याची बाटली दिली, तर आप्पा म्हणाले, "पाणी दिलं बघा कसं. येळेवर दिलं."

त्याच आठवड्यात समीरचा वडिलांना फोन आला. शकूरभाईंनी आम्हाला सांगितलं. पोरगा म्हणाला होता, "अब्बा, मला खेळवत न्हाईत त्याचं मी बघतो. पण रोज सगळं गाव मला बसल्याला बघतंय. त्यांना म्हणावं, टीव्ही बंद करा."

दुसऱ्या दिवशी मी टीव्ही लावला नाही, आणि कोणी लाव म्हणालं नाही.

*

हंगाम संपत आला. समीरचा करार त्या एका हंगामाचाच. खेळायलाच मिळालं नाही तर पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार? परत येऊन गाद्याच भरायच्या. तेवढ्यात त्याच्या संघाचा एक मोठा चढाईपटू जायबंदी झाला आणि शकूरभाईंना पुन्हा फोन आला: पुण्यात शेवटचा सामना आहे, कदाचित उतरवतील.

आम्ही गाडी केली. आप्पा, शकूरभाई, शिंदे मॅडम, मी आणि कट्ट्यावरचे आणखी काही जण. समोर संघ पुण्याचा. आता ओरडायचं कोणासाठी? कोरेगाव सोडल्यापासून हा वाद. शेवटी खंबाटकी घाटात मॅडमनी तोडगा काढला: समीर चढाईला आला की समीर, बाकी सगळा वेळ पुणं. सगळ्यांना पटलं. मैदानाबाहेर आप्पांनी पुण्याची जर्सी घेऊन सदऱ्यावरच चढवली. "आपलं राज्य ते आपलं," म्हणाले.

दुसऱ्या डावात समीरला उतरवलं. पहिल्याच चढाईत गडी टिपून आला. आमची रांग उभी राहून ओरडली. शेजारी तोंड रंगवलेला एक कॉलेजचा मुलगा होता. तो आप्पांना म्हणाला, "काका, पॉइंट त्यांचा आहे."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले, खाली बसले, आणि पुढच्या क्षणी "पुणे, पुणे" करायला लागले. पोरगा आमच्याकडं बघतच राहिला.

शेवटची चढाई. पुणं एका गुणानं पुढं. दोन गडी टिपले तर समीरचा संघ जिंकणार, आणि समीरचं पुढचं वर्ष पक्कं. त्याच्या कर्णधारानं त्यालाच पाठवलं. सगळं स्टेडियम "पकडा, पकडा" ओरडत होतं. शकूरभाईंनी डोळे मिटले. आप्पा खुर्चीवर चढले, त्या जर्सीत, आणि एकटे ओरडायला लागले, "समीर, घे रं, घे."

त्यानं डाव्या कोपऱ्याला हात लावला, मधल्याला लावला आणि वळला. घोटा धरला गेला. त्यानं तसाच सूर मारला. बोटं मध्यरेषेच्या अलीकडंच राहिली. शिट्टी झाली.

छत उडेल असा आवाज झाला. ढोल, गाणी, कागदाचे तुकडे. त्या मुलानं आप्पांना मिठी मारली. "काका, जिंकलो आपण. नाचा की."

"तू नाच, बाळा," आप्पा म्हणाले. "आमी हरलोय."

तो त्यांच्या जर्सीकडं बघायला लागला. पलीकडं शकूरभाईंचे डोळे अजून मिटलेलेच. कबड्डीतलं त्यांना तसं फारसं कळत नाही. त्यांनी आप्पांचा हात चाचपला. "एवढी माणसं ओरडायल्यात आप्पा. झालं न्हवं पोराचं?"

खाली मॅटवर समीर उठून बसला होता आणि गर्दीत मान वर करून कोणालातरी शोधत होता.

आप्पा खुर्चीवरून खाली उतरले आणि म्हणाले, "डोळं उघड, शकूर. पोरगं वर बघतंय. हात कर."