हिद्दमधली फोची पंगत

बहरीनला निघताना माझ्या पेटीत कपडे थोडे आणि आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ जास्त होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. विमानात बसलेला मात्र दुसरा, कारण माझा मामा आधीच अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात क्रेन चालवत होता. एस.वाय.ची परीक्षा संपली आणि त्याने मला सुट्टीत बोलावून घेतलं.

विमान खाली येऊ लागलं तसा समुद्र दिसला. आमच्या खाडीचं पाणी मातकट असतं. इथलं पातळ हिरवं, तळाची वाळू दाखवणारं. जमीन मात्र भाजलेल्या पापडासारखी. बाहेर मामा उभा होता. त्याने आधी पेटी उचलून पाहिली, मग माझ्याकडे बघितलं. "जड आहे. म्हणजे ताईनं ऐकलं माझं!"

मुक्काम हिद्दला होता. मुहर्रक बेटाच्या टोकाचं हे गाव. एका बाजूला कोळ्यांच्या होड्या, दुसऱ्या बाजूला जहाजं दुरुस्त करायची गोदी, मध्ये अरुंद गल्ल्या. मामा, तात्या घाग आणि आमच्या चिपळूण-संगमेश्वरकडची आणखी काही माणसं एका घरात राहत. तात्या सगळ्यांत वडील. बस चालवायचे. त्यांचा शब्द घरात शेवटचा. पहिले काही दिवस मामाने मला फिरवलं. मनामाचा बाजार पाहिला, सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं चाललेलं काम लांबून पाहिलं. मी बोलत कमी होतो. कुठे काय बोलून हसं होईल, याची धास्ती होती.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी घरात चूल पेटत नसे. सगळे इब्राहिमभाईंच्या खानावळीत जायचे. इब्राहिमभाई रत्नागिरीकडचे. दारातच त्यांनी आम्हाला अडवलं.

"तात्या, आज येगळं हाय. फो खायाचा."

"ते काय असतं?"

"तांदळाच्या शेवया, वरनं कोंबडीचा रस्सा. लानबाईनं केलाय."

लानबाई म्हणजे कोपऱ्यातल्या शेगडीमागे उभी असलेली एक बुटकी, चपळ बाई. मूळची सायगावची. तिचा नवरा कारैकलचा तमिळ. त्याच्या घरच्यांचं सायगावात दुकान होतं, तिथली लढाई संपल्यावर सगळं सोडून निघाले. आता तो गोदीत वेल्डर होता आणि ती जुफैरला एका साहेबाच्या घरी धुणीभांडी करायची. तिच्या आईची सायगावात फोची गाडी होती. इब्राहिमभाईंनी तिला दोन शुक्रवार दिले होते. पातेलं रिकामं झालं तर शुक्रवारची शेगडी कायमची तिची, नाही तर तिथे शावर्मा (फिरत्या सळईवर भाजलेलं मटण) सुरू होणार होता. आजचा पहिला शुक्रवार.

आम्ही लांब बाकावर बसलो. तात्या एका टोकाला, सगळ्यांत लहान म्हणून मी दुसऱ्या. पहिला वाडगा तात्यांपुढे आला. वाफा निघत होत्या. तात्या हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"खाव! अभी खाव!" लानबाई म्हणाली.

"हो बाई. सगळ्यांचं येऊ दे."

दुसरा वाडगा आला, तिसरा आला. कोणी हात लावला नाही. तात्यांनी सुरू केल्याशिवाय कोण लावणार? लानबाई एकेक वाडगा भरून आणत होती आणि दरवेळी जास्त घायकुतीला येत होती. "गरम! गरम खाव!" शेवटी माझा वाडगा आला. तात्या हात जोडून म्हणाले, "करा सुरू."

तोवर त्यांच्या वाडग्यातल्या शेवयांनी रस्सा पिऊन टाकला होता. फुगून त्यांचा लगदा झाला होता.

"हे शिरवाळे म्हणायचे काय?" मामा म्हणाला. शिरवाळे म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवया, गोड नारळाच्या रसातल्या. "आणि गूळ कुठाय?"

"भात मागव रे थोडा," तात्या म्हणाले. "कालवून तरी खाऊ."

माझं मात्र तोंड भरलं होतं. शेवया मऊ पण सुट्या, रस्सा उकळता, त्यात दालचिनी, भाजलेलं आलं, चक्रीफूल. इतकं हलकं आणि तरीही पोटात खोल जाणारं काही मी कधी खाल्लं नव्हतं.

"छान आहे की," मी हळूच म्हणालो.

"ह्याला कॉलेजात कॅन्टीनचं खायची सवय," मामा म्हणाला. "त्याला काहीही छान लागतं."

सगळे हसले. लानबाईने अर्धे राहिलेले वाडगे उचलले. तिने ते एका बादलीत ओतले. पाठमोरी असूनही तिची मान ताठ दिसत होती.

घरी येताना वाद पेटला. मामाचं म्हणणं, चूक शेवयांची. तात्यांचं म्हणणं, भाताशिवाय रस्सा म्हणजे जेवणच नव्हे. मी चालता चालता विचार करत होतो. एकाच पातेल्यातलं सगळ्यांना बेचव लागलं, मग मलाच का आवडलं? माझा वाडगा शेवटी आला होता, म्हणून! मला एकट्यालाच तो गरम मिळाला होता.

मी सगळं बळ एकवटून तात्यांना सांगितलं, "तात्या, हे आल्या आल्या खायचं असतं. प्रत्येकाने आपापलं."

ते थांबले. "म्हणजे मी खायचं आणि तुम्ही पोरांनी माझ्या तोंडाकडे बघत बसायचं? घास उतरेल काय रे माझ्या घशाखाली?"

त्यात मोठेपणाचा ताठा नव्हता. ते खरंच बोलत होते.

दोन दिवस ते डोक्यात राहिलं. मग आठवलं, गावच्या लग्नात मी वाढायला असायचो. आधी पानावर कोरडं सगळं वाढून होतं, भाताच्या मुदी पडतात, आणि अगदी शेवटी ओगराळ्याने गरम वरण फिरतं. पंगत थांबते ती कोरड्या पानांवर!

लानबाई संध्याकाळी शेगडी घासायला यायची. हिंदी वाक्यं मनात घोळवत मी गेलो आणि तिथे पोचल्यावर ती सगळी विसरलो. शेवटी पाच रिकामे वाडगे ओळीने मांडले, हाताने शेवया घातल्याचं दाखवलं, मग चहाची मोठी किटली उचलून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ओतल्याचं.

ती बघत राहिली. मग नकारार्थी मान हलवली. "किटली में ठंडा."

"किटली आग पर. आखिर तक."

तिने किटलीत पाणी उकळलं, ओळीने पाचही वाडग्यांत ओतलं आणि पाचव्यात बोट बुडवलं. बोट झटकत हसली. "ठीक. लेकिन डाला, तो बात बंद! सिर्फ खाना."

दुसऱ्या शुक्रवारी गोदीतली माणसंही आली होती. इब्राहिमभाई हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते. सगळ्यांपुढे वाडगे गेले. शेवया, कोंबडीचे तुकडे, कांदा, कोथिंबीर आणि जरजीर (मुळ्याच्या पाल्यासारखी तिखट पानं).

"कोरडंच?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, थांबा. सगळ्यांचं होऊ द्या," मी म्हणालो. त्यांचेच शब्द परत मिळाल्यावर त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेवले.

मग आम्ही दोन किटल्या उचलल्या. एका ओळीला लानबाई, दुसरीला मी. एक थेंब सांडला नाही. एकदम सगळ्या वाडग्यांतून वाफ उठली आणि बाकावरचे चेहरे दिसेनासे झाले.

"करा सुरू!" तात्यांचा आवाज वाफेतून आला.

मग नुसते भुरके. कॉलेजच्या मेसमध्ये मी भुरका मारायला लाजायचो. इथे सगळी खानावळ भुरके मारत होती आणि लानबाई ते गाणं ऐकल्यासारखी ऐकत होती. 'बात बंद' मात्र फार टिकलं नाही.

"लिंबू आधी पिळायचं."

"छट्! आधी नुसता रस्सा चाखायचा, मग लिंबू."

लानबाईने टेबलावर महयावा ठेवला होता. हा बहरीनचा मासळीचा आंबवलेला सॉस. तिच्या देशातल्या तशाच सॉसच्या जागी तिने तो घेतला होता. मामाने वास घेतला आणि डोळे मोठे केले. "अरे, हा तर आपल्या सुकटीचा चुलतभाऊ!" त्याने दोन चमचे ओतले. दुसऱ्या बाकावरून कोणी ओरडलं, "मामा, वाटोळं केलंत रश्श्याचं!"

तात्यांनी चमचा बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी वाडगा उचलला आणि तोंडाला लावला. लानबाईने टाळी वाजवली. "सही! बुड्ढा सही!"

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं.

"म्हातारा कोणाला म्हणते ही?" तात्या म्हणाले आणि वाडगा पुढे केला. "आण आणखी."

मग सगळेच वाडगे पुढे आले. किटल्या भरल्या, पुन्हा भरल्या. शेवटी लानबाईने पातेलं भिंतीपर्यंत नेलं आणि इब्राहिमभाईंसमोर उपडं धरलं.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास."

"मंग शेगडी हालत न्हाय. शुक्रवार तुजा, बाई." ते खुशीत येऊन बाकावर बसले. "मला वाढ आता."

"तुम अगला जुम्मा," ती म्हणाली. "लाइन में बैठो."

सगळी खानावळ हसून हसून लोटपोट झाली. लानबाई हसता हसता शेगडीच्या फडक्याने डोळे पुसत होती. नंतर कळलं, जुफैरच्या साहेबाला तिने यापुढे कुठल्याच शुक्रवारी येणार नाही असं सकाळीच सांगून टाकलं होतं, पातेलं शेगडीवर चढायच्याही आधी.

सुट्टी संपली, मी परत आलो. कॉलेजात दोन वर्षं मी इतर मुलं कशी बसतात, कशी खातात ते चोरून बघत आलो होतो. गावाकडचं जे माझ्यात आहे ते लपवायचं असतं, असं मला वाटे. परतताना विमानात जेवण आलं तेव्हा मी शेजारच्याकडे पाहिलं नाही. मला हवं तसं, सावकाश जेवलो.

आता कोणी विचारलं तर मी सोन्याच्या दुकानांचं सांगतो, समुद्रावरच्या पुलाचं सांगतो. आणि मग आवाज थोडा चढवून सांगतो, की हिद्दमध्ये दर शुक्रवारी आपली माणसं सायगावच्या बाईच्या हातचं एका ओळीत बसून जेवतात, लिंबू आधी की नंतर यावर भांडतात, आणि ती ओळ मी आखली.