चार नंबरची स्नोमोबील

या, जरा जवळ सरकून बसा. लांबून बोलायला मला आता श्वास पुरत नाही. आणि आधी थोडं रागवून घेते. इतकी वर्षं लीड्सला आपल्या मंडळात गणपतीत भेटता, "सुमनताई, साबुदाणा किती वेळ भिजवायचा" म्हणून विचारता, पण ही बाई तेरा वर्षं आर्मीत काय करत होती हे एकानेही धड विचारलं नाही. विचारलंच तर, "बंदूक चालवलीत का हो?" चालवली. रेंजवर, कागदाच्या टार्गेटवर. बाकी तेरा वर्षं मी गाड्या चालवल्या. या वर्षी मंडळाच्या अंकासाठी "काहीतरी गमतीचं लिहा" असा निरोप आला. गमतीनेच सुरू होतं ते. शेवट तसा नाही, आत्ताच सांगून ठेवते.

माझं मराठी शाळेतलं नाही. सहाव्या वर्षी वडिलांच्या हॉस्पिटलच्या नोकरीमुळे इकडे आले. आईला आजोळहून येणारी पत्रं समोर ठेवून अक्षरं गिरवली, ती एवढीच. चुका पोटात घाला.

साल १९८७, फेब्रुवारी. मी कॉर्पोरल होते, ड्रायव्हर. आमची एक लहान टीम होती, नव्या गाड्यांच्या ट्रायल्स घेणारी. त्या हिवाळ्यात आम्हाला स्कॉटलंडच्या डोंगरात पाठवलं. काम सोपं सांगितलं होतं. एका कंपनीने आर्मीसाठी सहा स्नोमोबील बनवल्या होत्या. प्रीप्रॉडक्शन, म्हणजे कारखान्यात रांगेने निघण्याआधी हाताने जोडलेल्या. त्या चालवायच्या, मोडतील तर मोडायच्या, आणि काय वाटलं ते लिहायचं.

टीममध्ये चालवणारे आम्ही दोघं, मी आणि टेरी. तोही कॉर्पोरल, ब्रिस्टलचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो मला "लीड्स" म्हणायचा. "सुमन" त्याला नीट म्हणता येत होतं, पण लीड्सच बरं, म्हणाला, रेडिओवर स्पष्ट ऐकू येतं. आमचा फिटर एक स्टाफ सार्जंट, त्याला सगळे नुसतं "स्टाफ" म्हणायचे. वीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. वर एक कॅप्टन, तरुण, सभ्य, कागदांचा पक्का.

पहिल्या दिवशी शेडमध्ये त्या सहा गाड्या पाहिल्या. बॉनेटला रंग नव्हता, नुसतं फायबरग्लास. प्रत्येकीवर मार्करने नंबर लिहिलेला. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, सीट बाकासारखी लांब. उजव्या हँडलला अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल. दाबला की पळते, सोडला की मंदावते. सुरू करायला दोरी ओढायची, गवत कापायच्या मशीनसारखी. टेरीने दोरी अकरा वेळा ओढली. बारावीला गाडी खोकली.

"माझ्या आजीची छाती अशीच वाजते," तो म्हणाला.

"आजीला स्की नाहीत," मी म्हटलं.

"तू तिला भेटली नाहीस अजून."

आमचा एक फॉर्म होता, फर्स्ट इम्प्रेशन्स नावाचा. त्याचा नियम कडक होता. गाडीवरून उतरल्यावर कोणाशीही बोलायच्या आधी तो भरायचा. आधी लिहायचं, मग चहा, मग गप्पा. दुसऱ्याचं ऐकलं की आपल्याला काय वाटलं होतं ते बदलतं, म्हणून. लिहिलेलं खोडायचं असेल तर गिरगटायचं नाही. एक सरळ रेघ, पुढे आपल्या नावाची आद्याक्षरं आणि वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे.

माझे पहिले फॉर्म अजून आठवतात. "सीट ओली राहते." "आरसा फक्त माझी कोपरं दाखवतो." "इंजिन बंद करायचं लाल बटण लहान आहे, मिटन घालून सापडत नाही." मिटन म्हणजे बोटं एकत्र असलेला जाड हातमोजा. हे शेवटचं टेरीनेही लिहिलं. स्टाफने कंपनीला कळवलं. उत्तर आलं की पुढच्या खेपेच्या गाड्यांना मनगटाला बांधायची दोरी देणार आहोत, माणूस पडला की ती ओढली जाऊन इंजिन बंद. पुढच्या खेपेच्या. आमच्या सहांना नाही.

आता दगडाची गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात मी दोन नंबरवर होते. वळताना पुढून खडखड आवाज. फॉर्मवर लिहिलं. स्टाफने पूर्ण स्टीअरिंग उतरवलं. चार तास लागले, बाहेर वारा, शेडमध्ये एक रॉकेलचा हीटर. निघाला काय, तर स्कीच्या सांध्यात अडकलेला सुपारीएवढा दगड. स्टाफने तो माझ्या चहाच्या मगात टाकला आणि जेवायला गेला. त्यानंतर चार दिवस मी जिथे जाईन तिथे दगड. बुटात दगड, उशीखाली दगड. टेरीने तर एक रिबन बांधून दिला. मी हसले. हसायचंच असतं. त्या टीममध्ये बाई मी एकटी, काळीसावळीही मी एकटी. दगड मलाच सापडावा याचं मला जे वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मी चार नंबर घेऊन वर गेले. मार्ग ठरलेला होता. शेडपासून चढण, वर सपाटीवर वीस मिनिटं इंजिन बंद ठेवून थांबायचं, मग त्याच वाटेने खाली. खाली येताना एक डावं वळण होतं. वळणाच्या पलीकडे उतार तुटून खाली ओढ्याची घळ.

वर वाऱ्याने भुकटीसारखा बर्फ उडत होता. वीस मिनिटं थांबले. १३१० ला, म्हणजे दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, सुरू केली. उतारावर वळणाच्या बऱ्याच आधी अंगठा सोडला, आणि गाडी मंदावली नाही. ओढतच राहिली. मी सेकंद मोजले. एक, दोन, तीन. मग कट्‌ असा बारीक आवाज आला आणि इंजिन मंदावलं. वळण नीट घेतलं. खाली आले.

फॉर्म भरला. "थ्रॉटल सोडल्यावर परत आला नाही. एकदा. तीन सेकंद."

मग चहा. गाडी शेडमध्ये हीटरपाशी घेतली होती. पाऊण तासाने स्टाफने फॉर्म वाचला. थ्रॉटल दाबून सोडला. तीसेक वेळा. प्रत्येक वेळी टक्‌ करून जागेवर.

"दाखव मला," तो म्हणाला.

मी दाबला, सोडला. टक्‌.

"एकदाच झालं?"

"एकदाच, स्टाफ."

"मिटनची घडी अडकली असेल."

टेरी मागून म्हणाला, "लीड्सचा अंगठा गोठला असेल. की परत दगड?"

सगळे हसले. स्टाफ वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, "थ्रॉटलची केबल उतरवू का? सांगशील तर उतरवतो." खरंच विचारलं. मी घड्याळ पाहिलं, त्याचे ग्रीसने काळे झालेले, थंडीने फुटलेले हात पाहिले. मला पुन्हा चार तास आणि पुन्हा सुपारीएवढा दगड नको होता.

"नको, स्टाफ. मिटनच असेल."

मी ओळीवर सरळ रेघ मारली. अक्षरं घातली. १४२५.

आज तुम्हाला सांगते ते त्या रेघेबद्दल नाही. रेघ सगळ्यांनी नंतर वाचली. त्या संध्याकाळी सहा वाजता जेवताना टेरी माझ्या समोर बसला. उद्या चार नंबर त्याच्याकडे होती. चेष्टा नव्हती त्याच्या तोंडावर. हळू आवाजात म्हणाला, "लीड्स, खरं सांग. काय झालं होतं वर?"

मी सांगू शकले असते. तीन सेकंद, मोजून. मिटन नव्हतं अडकलं, अंगठा मोकळा होता. पण दिवसभर त्यांचं हसणं ऐकून मी रुसले होते. हो, रुसले होते, लहान मुलीसारखी.

म्हटलं, "काही नाही. दगड."

तो हसला, आणि माझ्या ताटातला बटाटा उचलून घेतला.

मंगळवार. ०९१५ ला टेरी निघाला. मी शेडच्या दारात रेडिओवर होते; रेडिओवर शेड म्हणजे झीरो, टेरी म्हणजे टू-वन. कॅप्टन शेजारी, हातात क्लिपबोर्ड.

"झीरो, टू-वन. वर पोचलो. थांबतोय. ओव्हर."

"टू-वन, झीरो. रॉजर. वारा कसा आहे? ओव्हर."

"आजीच्या छातीसारखा. आउट."

कॅप्टन म्हणाला, "आजी कोण?"

"इंजिन, सर," मी म्हटलं.

१००२ ला त्याचा आवाज आला, "टू-वन, निघतोय. आउट." एवढंच.

थोड्या वेळाने इंजिन ऐकू आलं, मग वरच्या उतारावर तो दिसला. वळणाच्या आधी आवाज खाली यायला हवा होता. आला नाही. कॅप्टनला कळलं नाही, स्टाफ आत होता. मला कळलं. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. तीनला काही झालं नाही. मी रेडिओत म्हटलं, "बटण दाब." दुसऱ्यांदा म्हटलं. त्याचा रेडिओ पाठीवरच्या पिशवीत होता आणि हात हँडलवर. पाचला आवाज थांबला.

मी आणि स्टाफ दोन नंबर घेऊन गेलो. अकरा मिनिटं लागली. गाडी घळीत उलटी होती, टेरी तिच्यापलीकडे. स्टाफने गळ्याला हात लावला, मग काढला. मान मोडली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, लगेच गेला. टेरीचा उजवा हात उघडा होता. मिटन वर उतारावर मिळालं, वळणाच्या तीस यार्ड आधी. बटण शोधायला त्याने ते काढलं होतं. म्हणजे तेवढा वेळ त्याला कळलेलं होतं.

स्टाफने ती गाडी कोणाला खाली आणू दिली नाही. तिथेच बर्फात, उघड्या हातांनी केबल तपासली. आत बर्फाचा काडीएवढा तुकडा. वर थांबलं की भुकटी आत जाऊन गोठायची, आणि शेडमध्ये हीटरपाशी आणली की वितळून जायची. आम्ही प्रत्येक गाडी हीटरपाशीच तपासत होतो. सवय होती. हात गारठतात ना.

चौकशी झाली. तीन ऑफिसर, एक टेबल. माझा फॉर्म वाचला गेला, रेघेखालची ओळही.

"ही ओळ कोणी खोडली, कॉर्पोरल?"

"मी, सर."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याही नाही, सर."

स्टाफ आपल्या पाळीला म्हणाला की चूक त्याची, गाडी बाहेरच तपासायला हवी होती. निकाल आला की पद्धतीत उणीव होती, दोष कोणा एकाचा नाही. पुढच्या गाड्यांना मनगटाची दोरी आली, केबलला रबरी टोपी आली. त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं चालल्या. चांगल्या चालल्या. नव्वद सालानंतर मी त्या चालवायला शिकवलंही, नव्या पोरांना. त्यांना सांगायचे, एकदा झालं तरी लिहा, आणि मी हसले तरी खोडू नका. ती पोरं मला फार कडक म्हणायची.

जेवणातलं वाक्य मला चौकशीत कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात ब्रिस्टलला टेरीच्या आईकडे गेले. लीड्सहून ट्रेनने, सांगायचंच असं ठरवून. दार उघडून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू लीड्स ना? प्रत्येक पत्रात होतीस." केक केला होता. सोफ्यावर आजी होती, खोकत होती, छाती खरंच तशीच वाजत होती. आईने विचारलं, "आदल्या दिवशी मजेत होता का गं?"

मी म्हटलं, "हो. माझ्या ताटातला बटाटा उचलला त्याने."

ती इतकी हसली. मग रडली. मग अजून केक वाढला. त्या घरात मला पुढचं वाक्य बोलता आलं नाही. पाच वाजताच्या ट्रेनने परत आले. दर ख्रिसमसला तिचं कार्ड यायचं, मी पाठवायचे. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी लिहून कळवू. एका वर्षी कार्ड आलं नाही. शेजारणीचं पत्र आलं.

स्टाफही गेला. कॅप्टन कुठे आहे माहीत नाही. टेरीला मी काय उत्तर दिलं हे आता फक्त मला माहीत होतं. आजपासून तुम्हाला.

दर वर्षी फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरात उभी राहून त्याचं पूर्ण नाव घेते, रँकसकट. मोठ्याने. पस्तीस-एक वर्षं झाली, रिकाम्या घरातच घेते. तर या ना. लांबचं आमंत्रण नाही हे, याच फेब्रुवारीत या. दहाच्या आधी या, बूट दारात काढा, आणि दोन मिनिटं माझ्याबरोबर उभे राहा. नंतर बसून खाऊ काहीतरी. मला ते नाव आता दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे.