बिनपाण्याचा बायलर

माझी शाळा दुसरीपर्यंत. बायको मिशनच्या शाळेत चौथी शिकलेली. श्रीरामपूरच्या स्टेशनावरून ती दर महिन्याला एक मासिक आणायची. मंगळावर निघालेल्या वाफेच्या विमानाची गोष्ट त्यात वर्षानुवर्षं चालली होती. मासिकाची पानं कडेला जोडलेली यायची. बायको ती भाजीच्या विळीवरच कापायची, म्हणून त्या गोष्टीला कायम कांद्याचा वास. ती वाचायची, मी ऐकायचो.

पहिली दोन-तीन वर्षं जीव अडकला होता त्यात. पुढं महायुद्ध लागलं, कागद मिळेना, अंक पातळ झाला, त्याबरोबर लिहिणाऱ्याची अक्कलही. विमानात लग्न लावलं. मग भूत आणलं. एकदा तर पाणी न घालता तीन महिने बायलर चालवला. मी साखर कारखान्यात बायलरवरच. माझं डोकं फिरलं.

"बंद कर ते. बिनपान्याचा बायलर चालतो व्हय? कवाच उडाली असती सगळी!"

"अवो, ती मंगळावर चाललीत. तुमच्या कारखान्यात न्हाई."

"मग वाच तू एकली. मला नगं सांगू."

पुढं ती अंक आणून ट्रंकेत ठेवायची. मी मुद्दाम विचारायचो, "पोचली का गं तुझी मान्सं?"

"चाललीत अजून," एवढंच म्हणायची. मला वाटे, मी पाळीवर गेलो की वाचत असेल.

आषाढात ती गेली. तेव्हापासून घरात बसवत नाही, बाहेर करमत नाही. चूल पेटवतो, विझवतो, पुन्हा पेटवतो. परवा ट्रंक उघडली. नऊ अंक निघाले. म्हटलं, ती कुठवर पोचली ते तरी बघू. पान उलटायला गेलो तर उलटेना. नऊच्या नऊ अंक जोडलेलेच. एकही कापलेला नाही. माझ्याशिवाय तिनं पुढं वाचलंच नव्हतं, आणि मी टोमणे मारत बसलो.

विळी घेतली. पहिलंच पान वाकडं फाटलं. अक्षराखाली बोट धरून मोठ्यानं वाचायला लागलो. एका पानात अर्धी दुपार गेली. बायलरात अजून कुणी पाणी घातलं नव्हतं. मी कचकून शिवी दिली आणि थांबलो, ती काही बोलते का म्हणून.

उठून दारापर्यंत गेलो. परत आलो. दुसरं पान विळीवर धरलं.