सुभेदारांच्या बंदुकीची संगीन

इरा आणि कबीर,

परवा तुमच्या आईचा टोरांटोहून फोन आला. इराने शाळेत 'माझी आजी काय काम करायची' यावर लिहिलं, की आजी बंदुकांमध्ये होती आणि बंदुकांचे हरवलेले भाग शोधून लोकांना मिळवून द्यायची. बाईंनी आईला लगेच भेटायला बोलावलं. इरा, तुझ्या निबंधात एकही वाक्य खोटं नाही. तरी आईला पुन्हा शाळेत जावं लागू नये, म्हणून ते काम नेमकं कसं असतं हे एका उदाहरणासह लिहून पाठवते. बाईंना भाषांतर करून वाचून दाखवा.

मी पुण्यातल्या एका वस्तुसंग्रहालयात शस्त्र विभागाची क्युरेटर होते. जुनी बंदूक सहसा टिकते. ती जड असते, भिंतीवर असते, तिला कोणी हात लावत नाही. टिकत नाही ते तिचं सामान. चामड्याचा पट्टा उंदीर खातात. नळीत दारू ठासायच्या गजाला लोक पडदे लावतात. आणि संगीन, म्हणजे नळीच्या टोकावर बसवायचा लोखंडी सुळा, तो तर हमखास गायब. असं सामान अस्सल मिळतं का ते पाहायचं, न मिळाल्यास नक्कल करवून घ्यायची आणि तिच्यावर 'नक्कल' असं स्पष्ट लिहायचं, ही माझी नोकरी. निवृत्त होऊन जुन्नरला आले तरी लोक विचारायला येतात.

तसेच सुभेदार भालेराव आले. महाळुंगे पडवळच्या पुढे त्यांची वाडी आहे. त्यांचे पणजोबा पलटणीत होते. त्यांची बंदूक घरात होती. तिची नळी कायमची बंद केलेली, पोलिसांचा तसा कागदही होता. वाडीतल्या बुद्धविहाराशेजारी एक खोली बांधून तिथे वाडीतल्या सगळ्या सैनिकांचे फोटो आणि मध्ये काचेच्या पेटीत ही बंदूक ठेवायची होती. भीमजयंतीला उद्घाटन. फीत कापणार सुभेदारांच्या आत्या येसाबाई, वय नव्वदीच्या आसपास. लग्न होऊन पिंपळवंडीला गेलेल्या, आता माहेरी परत आलेल्या.

अडचण आत्यांचीच होती. बंदूक बरीच वर्षं सुभेदारांच्या मुंबईच्या चुलत्याकडे होती. चुलत्यांनी ती प्रेमाने पॉलिश करून परत पाठवली. ती आरशासारखी चमकत होती. आत्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं, की ही बंदूक आपली नव्हे, मुंबईला कोणीतरी बदलली.

मी बंदूक तपासली. दस्त्याखाली पणजोबांच्या पलटणीचा शिक्का होता. मी तो आत्यांना दाखवला.

"शिक्का काय, मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोणीवर पण असतो," त्या म्हणाल्या. "आमच्या बंदुकीला शिंग व्हतं. माझ्या आज्याच्या नावानं खोट्या बंदुकीची फीत मी कापायची नाय."

शिंग म्हणजे संगीन. सुभेदार मला अंगणात घेऊन गेले. म्हणाले, "मॅडम, फीत आमदार पण कापतील. पण आमच्या पणजोबाला बघितलेलं वाडीत एवढं एकच माणूस उरलंय. तिनंच नाय म्हटल्यावर खोली कशाला बांधली?"

मी काम घेतलं.

प्रथम इंटरनेटवरून नक्कल मागवली. या प्रकारच्या संगिनीला पात्याऐवजी तिधारी सुळा असतो. त्याच्या बुडाशी एक आखूड पोकळ नळी असते, तिला वळणाची खाच असते. ती नळी बंदुकीच्या तोंडावर घालायची आणि फिरवायची, की अडकते. बाटलीच्या झाकणासारखं. आलेली संगीन अडकली नाही. ती बंदुकीच्या तोंडावर सैल टोपी घातल्यासारखी डुलायची आणि घुंगरासारखी वाजायची. आत्यांनी ती हातात धरून दोनदा हलवली.

"खुळखुळा हाय ह्यो. लेकरांना द्या."

मग मी जुन्नरच्या हमीदभाईंकडे गेले. ते मिरवणुकीच्या तलवारी आणि नवरदेवांच्या कट्यारी करतात. मी कॅलिपरने मोजमाप घेऊन दिलं. हमीदभाईंनी माप केसाइतकंही चुकवलं नाही. मात्र त्यांचं सगळं गिऱ्हाईक लग्नाचं. साधी, काळी, उदास वस्तू हाताबाहेर जाऊ द्यायची त्यांना सवयच नाही. संगीन आली ती पितळी वेलबुट्टी, लाल मखमलीची पट्टी आणि बुडाशी दोन सोनेरी गोंडे घेऊन.

मी म्हटलं, "हमीदभाई, ही लढाईवर जायची वस्तू आहे."

"मॅडम, लढाईलाच जायचं तर माणसानं जरा नटून जावं," ते म्हणाले. "गोंडे फ्री दिलेत."

आत्यांचा निकाल काय येणार, हे मला रस्त्यातच कळलं होतं. तरी नेली. ती नळीवर चपखल बसली. आत्यांनी गोंडे कुरवाळले, खूश झाल्या, आणि विचारलं, "नवरदेव कुठाय?"

जयंती दोन दिवसांवर आली. सुभेदारांच्या पत्नी कमलताई आमच्यासाठी चहा आणत होत्या. गेला महिनाभर मी त्या ओसरीवर बसत होते आणि चहा येत होता. पाहुण्यांना ओसरीवरून आत घ्यायचं आणि गोठ्याकडे मात्र जाऊ द्यायचं नाही, ही त्या घरातली पद्धत. पाहुण्यांचे कपडे खराब होतात.

तेवढ्यात विहारात लाउडस्पीकरची चाचणी सुरू झाली. "हॅलो, हॅलो" एवढा मोठा आला, की मागच्या गोठ्यातली म्हैस खुंटा उपटून त्याच्यासकट अंगणात आली. तिने तुळईला टेकवलेला मंडपाचा बांबू पाडला, पताकांची माळ गळ्यात घालून घेतली आणि वाळत घातलेल्या कांद्यात शिरली. सुभेदार तिच्यामागे, कमलताई सुभेदारांच्या मागे, आणि दाव्याच्या टोकाला खुंटा उड्या मारत सगळ्यांच्या पुढे.

तो खुंटा माझ्या पायाशी येऊन दगडावर आपटला. आवाज लोखंडाचा. एका टोकाला आखूड पोकळ नळी होती, तिच्यातून दावं ओवलेलं. नळीला वळणाची खाच होती.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी संग्रहालयात कधी आवाज चढवला नव्हता. इथे चढवला. "म्हशीला धरा," मी ओरडले, "पण खुंट्याला कोणी हात लावू नका."

"मॅडम, खुंट्याला धरल्याशिवाय म्हैस कशी धरायची?" सुभेदार म्हणाले. प्रश्न रास्त होता. शेवटी कमलताईंनी म्हशीला पेंडीची पाटी दाखवली आणि ती स्वतःच थांबली.

मी दावं सोडलं, शेणाचे थर पाण्याने भिजवून सोडवले. तिधारी सुळा, टोकाशी किंचित वाकलेला. नळीवर बंदुकीच्या दस्त्यावरचाच शिक्का.

"अगं, हा खुंटा कधीपासून आहे?" सुभेदारांनी पत्नीला विचारलं.

"मी लग्न करून आले तेव्हापासून. तुमी वरीस वरीस बॉर्डरवर, गोठ्यात येता कशाला?"

"मग सांगायचं नाय का?"

"महिनाभर तुमी शिंग शोधताय. माझ्याकडं खुंटा हाय. मला काय ठावं?"

आत्यांना ओसरीवरच बसवून बंदूक त्यांच्यापुढे धरली. मी संगीन चढवली, फिरवली. खट आवाज झाला. आत्यांनी हात पुढे केला आणि वाकलेल्या टोकावर बोट ठेवलं.

"आयचं काम हाय हे," त्या म्हणाल्या. "टोक हाताला लागलं तवा आठवलं. पावसात खुंटा मोडला व्हता. आज्या न्हाई म्हणत व्हता. आय म्हणली, तुमची लढाई संपली, माझी म्हैस बाकी हाय. ठोकताना टोक वाकलं. सासरा-सून आठ दिवस बोलत नव्हते." मग बंदुकीकडे वळून म्हणाल्या, "हीच. पण हिला एवढी पावडर कुणी लावली?"

भीमजयंतीला फीत त्यांनीच कापली. कात्री जुनी होती, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा आत्यांनी ती फीत हातानेच ओढून तोडली.

या कामातून मी एवढंच शिकले, की घरातली लोखंडी वस्तू सहसा हरवत नाही, तिला दुसरी नोकरी लागते. तेव्हा शोध दिवाणखान्यात सुरू करू नये.

येसाआत्या मागच्या हिवाळ्यात गेल्या. बंदूक त्या खोलीत आहे, संगीन तिच्यावर आहे, आणि खाली पाटी आहे: 'अस्सल. पलटणीत काही वर्षे, गोठ्यात तीन पिढ्या.' टोक मी सरळ करू दिलेलं नाही.