जांभळा अंगठा

नानांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात कायम कुणाचे ना कुणाचे केस नाहीतर पिसं असत. नीट पुड्या बांधून वर लिहिलेलं: ‘बोकड, देवनार’, ‘कोंबडी, बाजार’, ‘बदक, मढ’. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळेचे मदतनीस होते. मूळचे मालवणकडचे, शिक्षण सातवी, आणि एम.एस्सी.च्या आम्हा चार मुलींवर धाक मात्र प्राचार्यांपेक्षा जास्त.

केसांत आणि पिसांत कोणती अमिनो आम्लं असतात, हा माझा प्रकल्प. केस आम्लात दिवसभर उकळायचे, तो अर्क कागदावर थेंबाथेंबानं लावायचा, कागद द्रावणात उभा करायचा आणि शेवटी औषध फवारून तापवायचा. मग एकेका आम्लाचा जांभळा ठिपका उमटे. माझ्या लांब वेणीचं मला भारी कौतुक. नाना म्हणत, “बाय गो, तुझो शेपटो आणि बोकडाची दाढी, उकळल्यावर रस्सो एकच!” गंधक असलेलं सिस्टीन हे आम्ल केसांत जास्त आणि पिसांत कमी, हे मी पुस्तकातून पाठ केलं होतं. नानांनी ते एका वाक्यात बसवलं: “म्हणून माणूस पेटता नि कोंबडी उडता.”

त्यांचा एकच कडक नियम होता. “कागदाक हात लावलात तर याद राखा! चिमटो घेवा, चिमटो!” कारण बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात आणि फवारा मारला की तीही जांभळी होतात.

सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. शनिवारी दुपारी मी शेवटचा कागद तापवला. ठिपके झकास उमटले, आणि बोकडाच्या रांगेत, बरोबर मधोमध, एक अख्खा अंगठाही.

“नाना, वाट लागली!” मी रडायचीच बाकी होते.

“कोणी हात लावलो?” नाना गरजले. भिंग घेऊन त्यांनी आम्हा चौघींचे अंगठे तपासले. डागात एक तिरका वण होता, तो कुणाच्याच अंगठ्यावर नव्हता. मग नानांनी सावकाश स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. लहानपणी नारळ सोलताना कोयता लागलेला, तोच वण. सकाळी पंख्यानं कागद उडाला तेव्हा त्यांनीच तो झडप घालून धरला होता.

“चोर गावलो गो,” ते म्हणाले. तसेच माझ्या प्रकल्पाच्या सरांकडे गेले आणि म्हणाले, “मार्क कापायचे तर माझे कापा.” आम्ही पोट धरधरून हसलो. मला तेव्हा ते फार आवडले.

रविवारी कॉलेज बंद. नानांनी वॉचमनकडून किल्ली मागून आणली. दोन्ही हातांवर मोज्यांसारख्या चढवलेल्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, मनगटाला रबरबँड, आणि वर चिमटा! उरलेल्या अर्कावर आम्ही सगळं पुन्हा केलं. संध्याकाळी स्वच्छ कागद हाती आला, तेव्हा नाना त्या पिशव्यांसकट टाळ्या वाजवत नाचले. परीक्षक खूश झाले. बिघडलेला कागद नाना फेकायला निघाले होते, तो मी मागून घेतला.

पुढे नाना निवृत्त होऊन गावी गेले, आणि काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी पोटभर रडले.

अजूनही लग्नाचा फोटो असो की लेकीचा निकाल, मी कुठलाही कागद कडेनंच धरते. घरचे हसतात. तो बिघडलेला कागद माझ्या कपाटात आहे. ठिपके पार फिकटले, वण तेवढा ओळखू येतो. तो एकच कागद मी मधोमध धरते, नानांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून.