धक्का न मारणारी मुलगी

बारामतीहून इंदापूरला जाताना कळसच्या अलीकडं एसटी बंद पडली. आम्ही सगळे उतरून धक्का मारू लागलो. पण जो तो आपल्या मनानं रेटत होता, गाडी तसूभर हलेना. ट्रॅकसूटमधली एक काटकुळी मुलगी मात्र नुसती बाजूला उभी.

“हात लाव की, पोरी!” एक आबा खेकसले. मलाही तिचा रागच आला होता.

ती आमच्याकडं तोंड करून घोगऱ्या आवाजात ओरडली, “थांबा! माझ्या हाकेवर, सगळे एकदम. रेडी... रो!” दर ‘रो’ला तिची मूठ हवेत आपटायची. गाडी सरकली, धडधडत सुरू झाली. “ईझी ऑल!” तिनं तळवा दाखवला आणि आम्ही मुकाट थांबलो.

गाडीत बसल्यावर तिनं आबांना सांगितलं, “रोइंगमधी आठ जणी वल्हं मारत्यात. मी कॉक्स, मी हाक देते. घरचे म्हणत्यात, वल्हं मारत न्हाईस तर कसला खेळ? सोड. न्हाय सोडणार, हेच सांगायला चाललीय.”

“चल, मी सांगतो तुझ्या बापाला.”

“नको, आबा,” ती म्हणाली. “तितं हाक माझीच पायजे.”